आठाचे ठोके

आमच्या ओसरीवरील भिंतीचें घड्याळ दर आठवड्यास दोन मिनिटें मागें पडतें, आणि दर रविवारीं आम्ही तें पुढें सारतों. रात्रीं त्याचे आठ ठोके पडूं लागले कीं शुद्धलेखनासाठीं आमच्याकडे येणारीं मुलें आपोआप लेखण्या खालीं ठेवितात. "सर, गोळी!" असें त्यांपैकीं कोणी तरी म्हणतो, आणि आम्ही उठून आंत जातों. हा क्रम कित्येक वर्षें चालला असल्यामुळें त्याचें कोणास नवल उरलेलें नाहीं. परंतु गेल्या पावसाळ्यांत सातव्या इयत्तेंतील एक नवा मुलगा येऊं लागला, आणि त्यानें पहिल्याच दिवशीं विचारलें, "सर, तुम्ही आजारी आहांत का?" आम्हीं "नाहीं" म्हणून सांगितलें. "मग रोज गोळी कशाला?"

प्रश्न सरळ होता. उत्तर तितकें सरळ नव्हतें. आम्हीं त्यास "उद्यां सांगूं" म्हटलें, आणि शिक्षकांचा हा 'उद्यां' जसा कधींच उगवत नाहीं तसा तोही उगवला नाहीं. आतां वार्षिकाच्या संपादकांनीं जुन्या शिक्षकांकडून एखादा अनुभव मागितला आहे, तेव्हां तें राहिलेलें उत्तर येथें लिहून काढितों. त्या मुलानें तें वाचावें, आणि त्याच्या पालकांनींही वाचावें, अशी विनंति आहे.

आमच्या उदरांत जें यकृत आहे तें आमचें जन्माचें नव्हे. तें दुसऱ्या एका मनुष्याचें आहे, आणि २०१९ च्या जानेवारींत नागपूर येथें शस्त्रक्रिया करून तें आम्हांस बसविण्यांत आलें. मूळचें यकृत कसें नासलें तें थोडक्यांत सांगतों, कारण या बाबतींत लोकांचा एक ठाम समज असतो व तो आम्हीं पुष्कळ दिवस सोसला आहे. आम्हीं आयुष्यांत मद्याला स्पर्श केलेला नाहीं. १९८८ सालीं एका शस्त्रक्रियेच्या वेळीं आम्हांस दोन बाटल्या रक्त द्यावें लागलें होतें; त्या रक्ताबरोबर हिपॅटायटिस सी या रोगाचा विषाणु आंत आला. यांत कोणाचाही दोष नव्हता. तो विषाणु मुळीं ओळखलाच गेला १९८९ सालीं. ज्या वस्तूस अद्याप नांव मिळालें नाहीं तिची तपासणी कोण व कशी करणार? (त्याच्या शोधाबद्दल तिघां शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें तें २०२० सालीं. त्या वर्षाविषयीं पुढें आम्हांस बरेंच सांगावयाचें आहे.) तीस वर्षें हा पाहुणा मुकाट्यानें आपलें काम करीत राहिला. शेवटीं नव्या गोळ्यांनीं त्यास घालवून दिलें खरें, पण तोंपर्यंत घर पोखरून झालें होतें. यकृत आकसून निबर झालें, पोटांत पाणी सांचूं लागलें, आणि एके दिवशीं आम्हांस आमच्याच शेजाऱ्याचें नांव आठवेना. तेव्हां डॉक्टरांनीं प्रत्यारोपणाचा शब्द उच्चारला.

एकाचें यकृत दुसऱ्यास बसविण्याची ही विद्या फार जुनी नाहीं. अमेरिकेंतील डेन्व्हर येथें डॉ. थॉमस स्टार्झल यांनीं १९६३ सालीं हा प्रयोग मनुष्यावर प्रथम केला. तो रोगी म्हणजे एक तीन वर्षांचा मुलगा होता, आणि तो शस्त्रक्रिया चालू असतांनाच दगावला. पुढचे रोगीही थोड्याच दिवसांत गेले. १९६७ सालीं मात्र त्यांनीं यकृत बसविलेली एक लहान मुलगी वर्षाहून अधिक जगली. आपल्या देशांत अवयवदानाचा कायदा १९९४ सालीं झाला, आणि १९९८ सालीं दिल्ली येथें दोन वर्षांच्याही आंतील एका मुलास त्याच्या वडिलांच्या यकृताचा तुकडा बसविण्यांत आला. भारतांतील हा पहिला यशस्वी प्रयोग. तो मुलगा पुढें स्वतः डॉक्टर झाला. आमच्या विदर्भांत ही सोय होण्यास २०१८ साल उजाडावें लागलें. त्यापूर्वीं नागपुरांत कोणी यकृत दान केलें तर तें विमानानें परगांवीं जात असे. एक वर्ष आधीं आमची ही अवस्था झाली असती तर आम्हांस मुंबईची वाट धरावी लागली असती, आणि ती वाट आमच्या अंगांतील बळास व पदरच्या पैशास झेपली नसती.

ज्यांचें यकृत आम्हांस मिळालें त्यांचें नांव आम्हांस ठाऊक नाहीं. रस्त्यावरील अपघातांत मेंदू मृत झाला होता, इतकेंच कळलें. नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादींत आमचें नांव होतें, आणि त्या रात्रीं फोन वाजला तेव्हां आमच्या मंडळींनीं हात जोडून देवाचे आभार मानले. दुसऱ्याच क्षणीं त्या गप्प झाल्या. त्याच घटकेस दुसऱ्या कोणाच्या तरी घरीं काय चाललें असेल, हें त्यांच्या ध्यानांत आलें. नागपूरपर्यंतच्या साठ किलोमीटरांत आम्ही कोणी एक शब्दही बोललों नाहीं.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. यकृत बसलें, जखम भरली, मनुष्य हिंडूं फिरूं लागला. मग गोळी कशाला?

भंडाऱ्याच्या मुलांस प्रत्यारोपण या शब्दाचें भय वाटण्याचें कारण नाहीं. आषाढांत आपल्याकडे घरोघर तेंच चालतें. आपण त्यास रोवणी म्हणतों. पऱ्हे उपटून चिखलणी केलेल्या बांधींत लावितात. चार दिवस ते पिवळे पडतात, माना टाकितात, मग मूळ धरतात. आणि एकदां मूळ धरलें कीं आपण कोणत्या बांधींतून आलों हें धानास आठवत नाहीं, आणि हा कोठला कोण हें बांधीही विचारीत नाहीं. मनुष्याच्या शरीराची गोष्ट निराळी आहे. तें विचारतें, आणि जन्मभर विचारीत राहतें.

रक्तांतील पांढऱ्या पेशी म्हणजे गांवचे कोतवालच होत. अनोळखी कोणी दिसला कीं त्यास हटकावयाचें, आणि पुरावा न पटल्यास हुसकून द्यावयाचें, एवढेंच त्यांस शिकविलेलें असतें. येणारा चोर आहे कीं घरधन्याचा जीव वांचवावयास आलेला पाहुणा आहे, हा विवेक त्यांस नाहीं. ही त्यांची खोड प्रथम नीट ओळखली गेली ती स्कॉटलंडांत. एकोणिसाव्या शतकांत भंडाऱ्यास ज्यांचें मिशन आलें तोच हा देश, म्हणून मुद्दाम सांगतों. ग्लासगो येथील रुग्णालयांत फार भाजलेली एक तरुणी होती. थॉमस गिब्सन व पीटर मेडावर यांनीं तिच्या जखमांवर तिच्या सख्ख्या भावाची त्वचा लाविली. ती कांहीं दिवस धरली व मग नासून गेली. पुन्हां त्याच भावाची त्वचा लाविली, तेव्हां ती पहिल्यापेक्षां लवकर नासली. म्हणजे कोतवालास चेहरा आठवत होता! या दोघांनीं हा वृत्तांत १९४३ सालीं प्रसिद्ध केला, आणि पुढें १९६० सालीं मेडावर हे नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. सख्ख्या भावाची ही कथा, तर मग अपघातांत गेलेल्या परक्या मनुष्याच्या यकृताची काय कथा!

तेव्हां या कोतवालांस सदैव थोडें पेंगुळलेलें ठेवावें लागतें. अगदीं झोपविलें तर खरे चोर घर लुटतील. पूर्ण जागे राहूं दिलें तर पाहुण्याचा जीव जाईल. हें काम करणारें औषध शोधण्यास शास्त्रज्ञांस कित्येक वर्षें लागलीं. प्रारंभीं जीं औषधें होतीं त्यांच्या बळावर यकृत बदललेल्या तीन रोग्यांपैकीं सुमारें एकच वर्षभर जगत असे. पुढें जें सांपडलें तें कोठें सांपडलें, हा भाग आम्हांस फार आवडतो.

तें मातींत सांपडलें. स्वित्झर्लंडांतील एका औषधी कारखान्याचे लोक सुटीवर परदेशीं गेले कीं तेथील चिमूटभर माती बरोबर आणीत, अशी तेथें पद्धत होती. नॉर्वेच्या हार्डांगरविड्डा नांवाच्या उजाड पठारावरून आणलेल्या अशाच मातींत एक बुरशी निघाली, आणि तिच्यापासून काढलेला पदार्थ पांढऱ्या पेशींस आंवरतो असें १९७२ सालीं दिसून आलें. तें सायक्लोस्पोरिन. १९७८ सालीं केंब्रिज येथें रॉय काल्न यांनीं तें रोग्यांस देऊन पाहिलें, आणि थोड्याच वर्षांत प्रत्यारोपणाचें सारें गणित बदललें. दुसरें औषध जपानांतील. त्सुकुबा पर्वताच्या परिसरांतील मातींत राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवापासून १९८४ सालीं तें मिळालें, आणि त्या पर्वताच्या नांवाचें पहिलें अक्षर घेऊन त्यास टॅक्रोलिमस म्हणूं लागले. आम्ही घेतों तें हेंच. डॉ. स्टार्झल यांनींच १९८९ सालीं पिट्सबर्ग येथें तें प्रथम यकृताच्या रोग्यांस दिलें. ज्या मनुष्यानें १९६३ सालीं एक मूल टेबलावर गमाविलें, त्याच्याच हातून हें घडावें, याचा आम्हांस मोठा संतोष वाटतो. तिसरें औषध त्याहून जुन्या बुरशीचें आहे. इटलींतील बार्तोलोमेओ गोसिओ यांनीं १८९३ सालीं किडक्या मक्यावरील बुरशींतून एक आम्ल वेगळें काढून ठेविलें. त्याचा हा उपयोग कळावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

आणि चौथ्याच्या मागें तर आपल्याकडचा एक मनुष्य उभा आहे. पॅसिफिक महासागरांतील ईस्टर बेटावर १९६४ सालीं एक वैद्यकीय मोहीम गेली होती. तिनें आणलेल्या मातींतून कॅनडांत जो पदार्थ निघाला त्यावर सुरेंद्रनाथ सेहगल यांनीं आयुष्य खर्चिलें. ते बनारस हिंदू विश्वविद्यालयांत शिकलेले होते. कारखान्यानें ती प्रयोगशाळा बंद केली, काम गुंडाळावयास सांगितलें, तेव्हां सेहगलांनीं तो सूक्ष्म जीव घरच्या शीतपेटींत खाण्याच्या जिनसांशेजारीं जपून ठेविला, आणि कांहीं वर्षांनीं नवे अधिकारी आल्यावर पुन्हां काम सुरू करविलें. सिरोलिमस हें तें औषध १९९९ सालीं मान्य झालें. त्याच्या भावंडांतील एक औषध, किडनी दुखावलेल्या यकृत-रोग्यांस डॉक्टर आजकाल देतात. रोवणीच्या दिवसांत पायाला लागलेला चिखल धुतांना आमच्या मनांत पुष्कळदां येतें, कीं आपल्या वैनगंगेच्या कांठच्या मातींत काय काय निजलेलें असेल, आणि तें उठवावयास कोण येणार आहे!

असो. औषध मातींतून निघालें, पण त्याचा थाट मात्र राजाचा आहे. सकाळीं आठास व रात्रीं आठास, बारा तासांच्या अंतरानें, पोट रिकामें असतांना तें घ्यावें लागतें. आम्ही त्यास गोळी म्हणतों. वास्तविक ती इवलीशी कॅप्सूल असते. रक्तांत त्याचें प्रमाण किती असावें? आमच्यासारख्या जुन्या रोग्याच्या एका मिलिलिटर रक्तांत पांच ते आठ नॅनोग्रॅम. आणि नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. याहून कमी झालें कीं कोतवाल जागे होतात, अधिक झालें कीं किडनी शिणते, रक्तदाब चढतो, साखर वाढते. म्हणून ठराविक काळानें रक्त तपासून मात्रा कमीअधिक करितात. पपनस व त्याच्या कुळांतील चकोतरा आम्हांस वर्ज्य, कारण त्यानें औषधाचें प्रमाण भलतेंच वाढतें. क्षयावरील रिफॅम्पिसिन घेतलें तर उलट तें एकदम खालीं येतें. जिवंत जंतूंची लस टोचावयाची नाहीं, उघड्यावरचें कापलेलें फळ खावयाचें नाहीं, दुकानदारानें दुसऱ्या कंपनीची डबी पुढें केली तर डॉक्टरांस विचारल्यावांचून ती घ्यावयाची नाहीं. साध्या खोकल्याचें औषध घेतांनाही आमच्या कागदपत्रांची पिशवी बरोबर न्यावी लागते.

या औषधाचा आणखी एक स्वभाव म्हणजे हात कांपविणें. तीस वर्षें आम्हीं फळ्यावर 'क्ष' व 'ज्ञ' काढून दाखविले, आणि अक्षर हीच आमची एकुलती एक मिळकत होती असें म्हटलें तरी चालेल. नवें यकृत बसल्यावर पहिल्या वर्षीं घरच्या फळ्यावर आम्हीं 'ज्ञ' काढावयास घेतला, तों खडू असा थरथरला कीं अक्षराचें गांडूळ झालें. मुलें तोंडावर हात धरून हंसलीं. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु तें हंसूं आमच्या मनांत राहिलें, आणि पुढें जो मूर्खपणा आमच्या हातून झाला त्याचें तें एक मूळ होय.

२०२० च्या मार्च महिन्यांत देश बंद झाला. जिल्ह्याच्या बाहेर जावयास परवानगी लागूं लागली. आमचीं औषधें नागपुरास मिळत. मुलगा तेथें नोकरीस आहे, तोच तीं पाठवी. घरांत दीड महिना पुरेल इतका सांठा होता. आम्हीं डब्या मोजल्या, पुन्हां मोजल्या, आणि कोणास न सांगतां रात्रींची गोळी घेणें बंद केलें. आठाचे ठोके पडत, आम्ही आंत जाऊं, भांड्यांतील पाणी पिऊं, आणि परत येऊं. मंडळींस वाटे गोळी घेतली. सांठा पुरवावा हें कारण आम्हीं स्वतःस सांगितलें. मुलास त्रास देऊं नये, हें दुसरें. हाताचा कंप कमी झाला तर बरें, हें तिसरें. आणि तो कमी झालाही! पण खरें कारण याहून निराळें होतें. आम्हांस बरें वाटत होतें. भूक लागत होती, झोंप येत होती, डोळे पांढरे स्वच्छ होते. बरें वाटणाऱ्या मनुष्यास औषध ही शुद्ध जुलूमशाही वाटते.

त्याच दिवसांत शेजारीं सर्वत्र काढे उकळत होते. प्रतिकारशक्ति वाढवावी म्हणून सारा देश गुळवेल, सुंठ व मिरीं यांच्या मागें लागला होता, आणि ती शक्ति कमी करण्यासाठीं महिन्याला हजारों रुपये मोजणारे आम्ही एकटेच! शेजारच्या काकू रोज सकाळीं प्रेमानें पेला आणून देत. तो आम्हीं तुळशींत ओतला नाहीं, प्यालों. एकीकडे कोतवालांचें पेंगुळणें आम्हीं बंद केलें, आणि दुसरीकडे त्यांस चहा पाजला, असेंच म्हणावयाचें. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेले कांहीं रोगी मुंबईच्या डॉक्टरांस त्याच वर्षीं आढळले, व त्यांनीं तें २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. आमच्या बाबतींत अपराध गुळवेलीचा किती व गोळीचा किती हें सांगवत नाहीं. पण काकूंचा मुळींच नव्हता.

मेच्या अखेरीस अंगास खाज सुटली. मग लघवी गडद झाली. या दोन्ही खुणा आमच्या जुन्या ओळखीच्या; तरी आम्ही चार दिवस उन्हाळ्यास बोल लावीत बसलों. पांचव्या दिवशीं मंडळींनीं डोळ्यांची पापणी ओढून पाहिली आणि काहीं न बोलतां मुलास फोन लाविला. परवानगी काढून गाडी आली. नागपुरास रक्त घेतलें, यकृताचा सुईएवढा तुकडा काढून पाहिला, आणि शरीर यकृत नाकारूं लागलें आहे असें ठरलें. रक्तांत टॅक्रोलिमस जवळजवळ नव्हतेंच. डॉक्टरांनीं विचारलें, "गोळ्या नेमानें घेतां ना?" आम्हीं "हो" म्हटलें. पंचावन्न वर्षें वयाच्या मुलाच्या वयाचा तो डॉक्टर नव्हता. आमच्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता. त्यानें रक्ताचा कागद आमच्यापुढें ठेविला आणि तो गप्प बसला. गृहपाठ न केलेल्या मुलांची वही पुढें ओढून आम्हीं हजार वेळां असेंच केलें होतें.

तेव्हां आम्हीं सांगून टाकिलें. मंडळी शेजारीं बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहींत. त्या इतकेंच म्हणाल्या, "तें आपलें एकट्याचें नव्हे हो." यकृत म्हणावयाचें होतें त्यांस.

तीन दिवस शिरेंतून स्टेरॉइडचीं मोठीं इंजेक्शनें दिलीं, टॅक्रोलिमसची मात्रा वाढविली, जोडीस दुसरी गोळी आली. पहिल्या दोन दिवसांत कांहीं उतार पडेना. आमच्या खाटेच्या पायथ्याशीं बसून मुलगा रोजचे आंकडे वहींत लिही व वही मिटून ठेवी. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्यानें वही मिटली नाहीं. यकृत वांचलें. साखर मात्र तेव्हांपासून मागें लागली ती लागलीच.

डॉक्टरांनीं एक गोष्ट सांगितली ती पालकांनीं ऐकण्यासारखी आहे. गोळ्या चुकविण्यांत सर्वांत पुढें असतात तीं नुकतीं मोठीं होऊं लागलेलीं मुलें. लहानपणीं ज्यांना यकृत वा किडनी मिळाली, आईनें हातानें ज्यांना औषध भरविलें, तींच पंधरा-सोळा वर्षांचीं झालीं कीं मित्रांदेखत गोळी घ्यावयास लाजतात, आणि आपणांस कांहीं झालेलें नाहीं असें स्वतःस दाखवूं पाहतात. आम्ही त्या वेळीं साठी ओलांडलेले होतों. कांहीं थोड्या रोग्यांत शरीर व यकृत यांचें कायमचें सूत जमतें व औषध सुटतें, हेंही खरें आहे. इतर अवयवांपेक्षां यकृताचा स्वभाव जरा समजूतदार आहे. पण तीं माणसें कोणतीं हें आधीं ओळखतां येत नाहीं, आणि तो प्रयोग डॉक्टरांच्या डोळ्यांखालीं, वारंवार तपासण्या करून, करावयाचा असतो. ओसरीवर चोरून नव्हे.

त्यानंतर तीनच महिन्यांनीं पूर आला. ऑगस्टच्या अखेरीस मध्यप्रदेशांत पावसानें कहर केला, संजय सरोवराचें पाणी सुटलें, आणि वैनगंगा भंडाऱ्यांत शिरली. कारध्याचा जुना पूल तर दिसेनासा झाला. आमच्या गल्लींत पाणी आलें तें आवाज न करतां आलें. पायरी गेली, ओसरी गेली, आणि आम्ही कागदपत्रें कोठें ठेवावीं याचा विचार करीत उभे राहिलों तोंच तें गुडघ्यास लागलें. मंडळींनीं दागिन्यांच्या डब्याकडे पाहिलेंही नाहीं. त्यांनीं फळीवरील औषधांचा स्टीलचा डबा उचलला, त्यास दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या, आणि तो पदरानें पोटाशीं बांधिला. पलीकडच्या दुमजली घरीं आम्हां सोळा जणांस आसरा मिळाला.

त्या माडीवर चढल्याबरोबर आम्हीं एक काम केलें, जें मे महिन्यांत आम्हांस मरण आलें तरी झालें नसतें. आम्ही सर्वांसमक्ष मोठ्यानें म्हणालों, "मला आठ वाजतां एक गोळी घ्यावी लागते, ती चुकली तर माझा जीव जाईल. माझें लक्ष नसलें तर कोणीही आठवण करा." लोक क्षणभर पाहत राहिले. मग एक जुना विद्यार्थी, जो शाळेंत असतांना कधीं वेळेवर आला नाहीं, त्यानें आपल्या मोबाइलांत गजर लाविला. वीज नव्हती, फोनांत थोडीच शक्ति उरली होती, म्हणून त्यानें बाकीचें सर्व बंद करून तो केवळ त्या गजरासाठीं जपून ठेविला. प्यावयाचें पाणी सर्वांत मिळून दोन बाटल्या होतें, त्यांत तीन लहान मुलें. आठ वाजतां गजर झाला. त्यांतील एका मुलाच्या आईनें झांकणभर पाणी ओतून आमच्या हातीं दिलें आणि म्हणाली, "सांडूं नका, सर." हात कांपत होताच, दुसऱ्या हातानें तो धरून आम्हीं गोळी घेतली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आठासही तसेंच झालें, आणि रात्रींही.

पाणी ओसरल्यावर घरीं परतलों तेव्हां भिंतीवर छातीइतक्या उंचीची मातकट रेघ होती. घड्याळ तिच्या वर होतें, पण ओल शिरून बंद पडलें होतें. दुरुस्तीवाल्यानें तें चालू करून दिलें; दर आठवड्यास दोन मिनिटें मागें पडतें तें तेव्हांपासून. नवें घ्या, असें मुलगा म्हणतो. आम्हीं घेतलेलें नाहीं.

हातानें आतां बरें चाललें आहे. मात्रा थोडी उतरविल्यापासून कंप कमी आहे, आणि 'ज्ञ' ओळखूं येतो. साखरेसाठीं सकाळीं शास्त्री चौकापर्यंत चालत जातों. येत्या सोमवारीं पुन्हां रक्त द्यावयास नागपुरास जावयाचें आहे. त्या दिवशीं सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावयाची असते, म्हणून डबी खिशांत घालून पहिली गाडी धरावी लागते. सोमवारीं शुद्धलेखनाचा वर्ग होणार नाहीं, हें मुलांनीं ध्यानांत ठेवावें.